साहेबांचा मोतीबिंदू

एकाच वर्षी आमच्या घरात दोन मोतीबिंदू निघाले. एक बाबांचा आणि दुसरा माशाचा. माशाने तो लपवला नाही, एवढाच काय तो फरक. त्यामुळे उपचार आधी माशावर झाले आणि त्या उपचारांत बाबा सापडले.

बाबा नकाशा कार्यालयात आरेखक होते. आता ही कामं यंत्रं करतात, तेव्हा माणसं करत. उतरत्या टेबलावर ओणवं होऊन बारीक निबाने नद्या, ओढे, पायवाटा काढायच्या आणि त्यांच्या कडेने मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत नावं लिहायची. बाबांचं अक्षर इतकं देखणं, की कार्यालयात काहीही लिहायचं निघालं की ते त्यांच्याकडे येई. 'येथे थुंकू नये' त्यांचंच होतं. ऑफिसच्या दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता फाटला, तेव्हा नवा तक्ताही त्यांनीच लिहून दिला होता.

आरेखन शाखेचा एक नियम होता. दरवर्षी डोळे तपासायचे. जो नापास होईल त्याचं टेबल काढून घ्यायचं आणि त्याला तळमजल्यावर आवक-जावक शाखेत पाकिटं चिकटवायला बसवायचं. बाबांच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ असेच खाली गेले. त्यानंतर बाबा त्यांच्याविषयी भूतकाळातच बोलत. "मोठा माणूस होता हो. डोंगर काढावेत तर त्यांनी." आणि तो मोठा माणूस खाली धडधाकट बसून गोंद लावत असे, दुपारी वर येऊन बाबांच्या डब्यातला घासही खाऊन जात असे. बाबांची निवृत्ती तीनेक वर्षांवर आली होती. त्या टेबलावरूनच घरी जायचं, खाली उतरायचं ते फक्त घरी जाण्यासाठी, असं त्यांनी ठरवलं होतं. हे आम्हाला तोंडपाठ होतं. त्यांच्या डोळ्यांचं काय झालंय, हे मात्र ठाऊक नव्हतं. निदान मला नव्हतं.

आता टँकविषयी. आमच्या हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत ताटं सरकवायला एक खिडकी होती. घर बांधणाऱ्याने त्या घरात केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट. बाबांनी तिचं माप घेतलं, वरून-समोरून-बाजूने अशी तीन चित्रं काढली, आईचं मत घ्यायला विसरले आणि त्या खिडकीत फिश टँक बसवला. दोन्ही खोल्यांतून मासे दिसावेत ही कल्पना. मासे दिसू लागले, पण ताटं बोळातून वळसा घालून येऊ लागली. "या टँकपायी मी जेवढी चालले," आई म्हणे, "तेवढी सरळ चालले असते तर माहेरी पोचले असते."

सुरुवातीला आत पुष्कळ मासे होते. एकेक करून ते गेले आणि उरला एक केशरी, लठ्ठ, संथ गोल्डफिश. तो सकाळी उशिरा हालचाल सुरू करी, एका कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसे आणि खाणं पडलं की तेवढ्यापुरता पुढे येई. बाबांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. "एक तरी साहेब माझ्या हातून खातो," असं ते म्हणत.

एका सकाळी बाबा हॉलमधून खाणं टाकत होते आणि आई पलीकडे गॅसपाशी होती. टँकमधून तिचा आवाज आला. टँक मध्ये असल्यामुळे आमच्या घरातले बरेचसे संवाद पाण्यातून होत.

"अहो, साहेबांच्या डोळ्यात पांढरं आलंय."

"काही नाही. काळाभोर आहे."

"अहो, दुधासारखा पांढरा झालाय!"

"अगं, मी समोर उभा आहे. मण्यासारखा चमकतोय."

मी हॉलमध्ये गेले. डोळा काळा होता. स्वयंपाकघरात गेले. डोळा पांढरा होता. पुन्हा हॉलमध्ये आले. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी नुकतीच कामाला लागले होते आणि दोन्ही बाजू तपासल्याशिवाय बातमी द्यायची नाही हे तिथे रोज ऐकत होते. पण बातमीच्या दोन्ही बाजू इतक्या शब्दशः मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. खाणं हॉलच्या बाजूने येतं हे साहेबांना कळत होतं. म्हणून धडका डोळा ते हॉलकडे ठेवत आणि गेलेला स्वयंपाकघराकडे.

"एक डोळा गेलाय," मी निकाल दिला.

"कुठला?" बाबांनी विचारलं. "डावा की उजवा?"

"हा इकडचा," आई म्हणाली.

"इकडचा म्हणजे काय? नदीचा डावा काठ कसा ठरवतात? पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून. तसं माशाचं तोंड आधी बघायला हवं."

"तुम्ही इकडे येऊन बघा, म्हणजे तोंडही दिसेल आणि डोळाही."

"इथून दिसतंय मला," म्हणत बाबा ऑफिसला गेले. आई कितीतरी वेळ टँककडे बघत उभी राहिली. मला वाटलं, ती माशाकडे बघतेय.

दुपारपर्यंत बातमी जिन्यात पोचली. पहिले आले समोरचे पोस्टमास्तर. निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ दिवस झाले होते, पण आलेल्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारायची सवय गेली नव्हती. त्यांनी टँकवर बोट ठेवलं. "मीठ. माशाला दुसरं औषध नाही. समुद्रात काय आहे? मीठच आहे."

"पण हा गोड्या पाण्यातला आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच आजारी पडला."

त्यांनी मूठभर मीठ टाकलं. त्यांच्यामागून वरच्या काकू आल्या. त्यांना कोणी मूठभर मीठ टाकल्याचं सांगितलं नाही, कारण त्या कोणाला बोलू देत नसत. त्यांनी ओंजळभर टाकलं. संध्याकाळी बाबांनी मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. "चिमूट चिमूट मीठ, पाणी बदलत राहा आणि आजारी मासा वेगळा ठेवा," असं तो म्हणाला. त्यातला चिमटीचा भाग बाबांनी घरी येताच अमलात आणला. जेवायच्या वेळी साहेब एका कुशीवर कलले होते आणि आई विचारत होती, "भाजीत घालायला थोडं शिल्लक ठेवलंत का?"

मग वेगळं ठेवायचा भाग आला. टँक रिकामा केला, धुतला, आणि साहेबांना ताज्या पाण्याच्या बादलीत घालून न्हाणीघरात हलवलं, कारण तिथे अंधार आणि शांतता होती. या रुग्णालयामुळे आमच्या आंघोळी वरच्या काकूंकडे गेल्या. तीन पिढ्यांची ओळख असली तरी दुसऱ्याच्या न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभं राहताना माणसाचा कणा थोडा वाकतोच. त्यात काकू दारातून विचारत, "आज कसे आहेत हो साहेब?" आणि आत आंघोळ करणाऱ्याने ओल्या अंगाने उत्तर द्यायचं.

बाबा मात्र दुसऱ्याच दिवशी कंटाळले. "मी आपल्याच घरी कोपऱ्यात उभा राहून करीन. बादल्या दोन आहेत, मला काय कळत नाही?" असं म्हणून आत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला. तो आवाज मी आजही लिहून दाखवू शकत नाही. त्यामागून शब्द आला, "साहेब!"

बाबांनी तांब्या चुकीच्या बादलीत बुडवला होता आणि साहेबांसकट डोक्यावर ओतला होता. साहेब टाळूवरून खांद्यावर, खांद्यावरून मोरीत गेले. बाबा साबणाच्या हातांनी त्यांना पकडत होते आणि ते सुटत होते. आईने दार ढकललं, पदराचा ओला बोळा करून मासा अलगद उचलला आणि बादलीत सोडला. मग बाबांकडे बघून म्हणाली, "केशरी होता हो. पाण्यात केशरी दिसतं."

"दिवा मंद आहे," बाबा म्हणाले.

म्हणून ते मोठा दिवा घेऊन आले. इतका मोठा, की तो लावताच क्षणभर सगळं न्हाणीघर पांढरंफेक झालं आणि लगेच सगळ्या इमारतीतले दिवे गेले. जिन्यात पोस्टमास्तर ओरडले, "कोणी केलं?" आणि वरून काकूंनी उत्तर दिलं, "माशाचा डोळा तपासत असतील." त्या दिवसापासून इमारतीत काहीही बिघडलं, नळाला पाणी आलं नाही तरी लोक आमच्या दाराकडे बघत.

शेवटी साहेबांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. म्हणजे आईने ठरवलं आणि मी न्यायचं. रजा काढून, काचेची बरणी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले. माझ्या पदवीचा फोटो काढला होता, तेव्हाही माझ्याकडे एवढ्या लोकांनी पाहिलं नव्हतं. कंडक्टर बरणीत डोकावला. "काय झालंय?"

"डोळा."

"मग गाजर द्या," मागची एक बाई म्हणाली, आणि पुढच्या थांब्यापर्यंत अर्धी बस गाजराच्या बाजूची आणि अर्धी विरुद्ध झाली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "जनावर अंगणात बांधा आणि मग इकडे या."

"बांधता येणार नाही."

"मारकं आहे?"

मी बरणी खिडकीवर ठेवली. त्याने चष्मा सावरला. "मासा जनावरात येत नाही. मत्स्य खात्यात जा."

मत्स्य खातं दोन रस्ते पलीकडे होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी बरणी हातात घेऊन आधी वजनाचा अंदाज घेतला. "एवढाच?" त्यांनी विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. "बाई," ते समजुतीने म्हणाले, "आमचा माशाशी संबंध तो पाण्याबाहेर आल्यावर सुरू होतो. डोळ्याचं आम्ही बघत नाही. आम्ही टनांत बघतो."

मी परत दवाखान्यात आले. कारकून म्हणाला, "आता डॉक्टर जेवायला बसले." माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण मला मघाचा कारकून दोन-दोन दिसू लागला. एक गाय, एक म्हैस आणि बरणी घेतलेली मी अशा आम्ही तिघी अंगणात उभ्या होतो. म्हशीने बरणीत तोंड घालून पाणी प्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मी जी किंचाळले, ती ऐकून डॉक्टर हात न धुताच बाहेर आले.

ते गुराढोरांचे डॉक्टर होते, पण भले होते. त्यांनी साहेबांना ओल्या रुमालात धरून डोळे पाहिले आणि पुन्हा पाण्यात सोडलं. "एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. दुसऱ्यातही सुरुवात आहे. म्हातारा झाला. त्यात पाणी खराब. हे पाणी टँकमधलंच ना?"

"हो. टँक बाबांनी नुकता धुतला, नवीन पाणी भरलं आणि त्यातूनच ही बरणी भरून दिली. ते म्हणतात, आरशासारखं आहे."

डॉक्टरांनी बरणी उजेडात धरली. पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि त्यात शेवाळाच्या चिंध्या तरंगत होत्या. इतका वेळ बरणी मांडीवर असूनही मी फक्त लोकांच्या तोंडांकडे बघत होते.

"यावर औषध?"

"माझ्याकडचं सगळं गाईच्या मापाचं आहे," ते म्हणाले. "त्याची गरजही नाही. डोळ्यांवाचून मासा मजेत जगतो. अंगाच्या बाजूला ही रेघ आहे ना, हिच्यामुळे त्याला पाण्यातली हालचाल कळते. तुम्ही फक्त पथ्यं पाळा. पाणी खरोखर स्वच्छ ठेवा. आतलं काही हलवू नका, दगड जिथे आहे तिथेच. खाणं रोज एकाच जागी, एकाच वेळी. आणि देण्याआधी काचेवर हलकेच दोनदा टकटक करा, म्हणजे दचकणार नाही. काही दिवसांत तो अशी सवय करून घेईल, की आंधळा आहे हे तुमच्या लक्षातही यायचं नाही."

संध्याकाळी साहेब पुन्हा टँकमध्ये विराजमान झाले. पाणी या वेळी आईने भरलं. बाबा ऑफिसातून आले तशी आई म्हणाली, "इकडे या जरा, स्वयंपाकघरात."

"कशाला?"

"साहेबांचा डोळा इकडून बघा. इतके दिवस तुम्ही तिकडून बघताय. या."

बाबा आले. भिंतीला हात लावत आले, पण ते तर नेहमीच तसे येत. आईने त्यांना काचेसमोर उभं केलं. साहेब वितीच्या अंतरावर होते आणि तो डोळा सरळ बाबांकडे होता, उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा. बाबांनी मान तिरपी केली, निरखून पाहिलं आणि नकाशा तपासून देताना ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाले,

"बघ. काळाभोर."

 आईने हात मागे नेऊन गॅस बारीक केला. मग ती मला म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते सांग त्यांना."

मी पथ्यं सांगू लागले. आतलं काही हलवायचं नाही. खाणं एकाच जागी. एकाच वेळी. देण्याआधी टकटक. सांगता सांगता माझा आवाज आपोआप हळू होत गेला. आमच्या घरात खुर्ची कधी हलत नव्हती. मी एकदा पेपर वाचायला उजेडात ओढली, तर आईने लगेच जागेवर नेऊन ठेवली होती. बाबांचा चहा नेहमी टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर येई आणि ठेवण्याआधी आई चमच्याने कपावर दोनदा वाजवी. मला वाटायचं, तिची सवय आहे.

"दोन वर्षं हेच करतेय मी," आई म्हणाली. "फक्त काचेवर टकटक करत नाही, कपावर करते."

बाबा काचेकडे बघत राहिले. किंवा जिकडे काच होती तिकडे. मग म्हणाले, "टेबल जाईल गं."

"जाऊ दे. पाकिटं चिकटवा."

"खाली बसून?"

"खाली बसून. पण चिकटवायला पाकीट दिसायला नको का? आणि ऑफिसात काय काढता हो हल्ली? नदी डोंगरावर चढत नाही ना?"

"रेघा हाताला ठाऊक असतात," बाबा म्हणाले. "अक्षरं पलीकडच्या टेबलावरचा तपासून देतो. बघू. उद्या बघू."

"उद्या कशाने बघणार?"

यावर बाबा हसले. मला वाटतं, तिथेच ते हरले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. बाबांनी नवा शर्ट घातला होता आणि परीक्षेला निघालेल्या मुलासारखे ते गप्प होते. लांब अंधारी खोली, टोकाला भिंतीवर एक पेटी, तिच्यात काचेवर लिहिलेली अक्षरं. डॉक्टरांनी बाबांना स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकला आणि ते बटणाकडे वळले. तेवढ्यात बाबांनी छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "ल. ट, प. ग, न, र. च, म, ड, स..."

ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले. एकही अक्षर अडखळलं नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता मी दिवा लावतो."

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "त्यांचा तक्ता बेकार आहे. अक्षरांतली अंतरं चुकली आहेत." आई म्हणाली, "हो, आणि ल-ट-प नाहीच त्यात." मग ती इतकी हसली, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

दोन्ही ऑपरेशनं झाली, जाड चष्मा आला. ऑफिसात रुजू होताच बाबा आधी दवाखान्यात गेले आणि कंपाउंडरला म्हणाले, "माझी तपासणी पुन्हा घ्या. तक्ता मला पाठ आहे, मीच लिहिलाय. वरून खाली वाचायला सांगू नका. छडी घ्या आणि मधूनच कुठलंही अक्षर दाखवा." कंपाउंडरने छडी घेतली. आजवर हे त्याला कोणी सुचवलं नव्हतं. बाबा पास झाले. कंपाउंडरला मात्र छडीची गोडी लागली. त्याने सगळ्या आरेखन शाखेला एकेक करून बोलावलं आणि सगळी शाखा नापास झाली. पाठ करण्यात बाबा एकटे नव्हते. बाबांच्या सुवाच्य अक्षरामुळे ते सगळ्यांनाच सोपं गेलं होतं.

आता इतक्या माणसांना खाली पाठवायचं तर वर नकाशे काढणार कोण आणि खाली एवढी पाकिटं आणणार कुठून? ऑफिसातल्या साहेबांनी विचार करायला वेळ मागून घेतला. मग हुकूम निघाला, की आरेखकांनी चष्मा लावावा, गरज असेल तर ऑपरेशन करून घ्यावं, टेबल कोणाचंही जाणार नाही. खाली गेलेले ते मोठे गृहस्थही चष्मा लावून परत वर आले. त्या दिवसापासून बाबा त्यांच्याविषयी वर्तमानकाळात बोलू लागले. "बरा आहे, पण डोंगर फार उभे काढतो."

घरातल्या साहेबांचा दुसरा डोळाही गेला. त्यांचं काही अडलं नाही. ठरल्या कोपऱ्यात, ठरल्या वेळी बाबा पेनच्या टोपणाने काचेवर दोनदा वाजवत आणि साहेब पूर्वीसारखेच सावकाश येऊन हजर होत. चष्म्यातून सगळं दिसू लागल्यावर बाबांना टँकमधलं शेवाळ दिसलं, भिंतीवरची कोळिष्टकं दिसली, माझ्या बातम्यांतल्या चुका दिसल्या. आईच्या पिकलेल्या केसांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. ते आपल्याला आधीच ठाऊक होते, असं त्यांनी दाखवलं. आईनेही ते चालवून घेतलं. फक्त बरेच दिवस कपावरचा चमचा काही थांबला नाही. "आता दिसतंय मला," बाबा म्हणत. "माहीत आहे," आई म्हणे आणि टकटक करून कप ठेवी.

बाबा टेबलावरूनच निवृत्त झाले. साहेब त्यानंतरही काही काळ होते. ते गेले तेव्हा बाबांनी टँक काढला आणि ती खिडकी आईला परत केली. ताटं पुन्हा सरळ जाऊ लागली.

आता बाबाही नाहीत. मी माहेरी जाते तेव्हा हॉलमध्ये बसते, खुर्ची जिथल्या तिथे असते. आई आतून ताट घेऊन खिडकीशी येते आणि सरकवण्याआधी चौकटीवर बोटाने दोनदा वाजवते. मला चांगलं दिसतं. तरी मी टकटक ऐकेपर्यंत हात पुढे करत नाही.